कॅलिफोर्नियात गांजाच्या शेतात भागीदारी : परवाना शेताबरोबर मिळतो का?

फॉल्समकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी फॉल्समला राहतो, ग्रीनकार्डधारक आहे आणि येत्या वर्षभरात नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचा माझा विचार आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांची मेंडोसिनो काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) डोंगरउतारावर जमीन असून तिच्यातील १०,००० चौरस फुटांवर, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांवर, ते राज्याच्या रीतसर परवान्याने गांजाची उघड्यावरची लागवड करतात. वयोमानामुळे त्यांना आता शेत विकायचे आहे. जमीन, पाण्याच्या टाक्या, वाळवणीची शेड आणि परवाना हे सर्व एकत्र देण्याची त्यांची तयारी आहे आणि परवान्यापोटी त्यांनी किंमत बरीच चढवून सांगितली आहे. पूर्ण शेत घेणे मला झेपत नसेल तर २५ टक्के भाग घेऊन केवळ भांडवल पुरवावे, शेताची व्यवस्था ते आणि त्यांचा पुतण्या पाहतील, असाही पर्याय त्यांनी पुढे ठेवला आहे.

माझे बालपण निफाडकडच्या द्राक्षबागेत गेले असल्यामुळे शेतीची धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती कागदपत्रांची. परवाना खरोखरच शेताबरोबर विकत घेता येतो का? राज्याने परवाना दिल्यावर काउंटीला वेगळे काही म्हणण्याचा अधिकार उरतो का? आणि मी केवळ पैसे गुंतवले तर सरकारदरबारी माझे नाव लागते का? ज्यांना या विषयाचा अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओढ्याकाठी

नमस्कार. उत्तर कॅलिफोर्नियातील शेतांचे पाणी आणि पर्यावरण यासंबंधीचे अहवाल तयार करणे हे माझे काम असल्यामुळे अशा व्यवहारांची कागदपत्रे माझ्या टेबलावरून नेहमी जातात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. लागवडीचा परवाना विशिष्ट मालकांना, विशिष्ट जागेसाठी आणि एका वर्षापुरता दिलेला असतो, व तो हस्तांतरित होत नाही. जुन्या मालकांपैकी एक जण जरी कायम राहिला, तरी नव्या मालकाची माहिती बदलानंतर १४ दिवसांत राज्याच्या कॅनाबिस नियंत्रण विभागाकडे देऊन काम चालू ठेवता येते. मात्र सगळेच मालक बदलले, तर नव्या मालकांना स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत जुन्या परवान्यावर एक रोपही वाढवता येत नाही. त्यामुळे ते गृहस्थ ज्या परवान्याची किंमत लावत आहेत तो त्यांच्या विकण्यातला नाहीच. त्यांचा पुतण्या मालक म्हणून आधीच नोंदलेला असेल तर गोष्ट थोडी वेगळी होते. तेवढे आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. वैद्यकीय वापराला या राज्याने १९९६ मध्येच मोकळीक दिली होती. पण व्यापारी लागवडीला परवाना देण्याची आजची व्यवस्था नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या प्रस्ताव ६४ मधून आणि त्याला जोडून २०१७ मध्ये केलेल्या कायद्यातून आली. पहिले परवाने १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्या वेळी लागवड कृषी खात्याकडे, प्रक्रिया आरोग्य खात्याकडे आणि विक्री तिसऱ्याच कार्यालयाकडे होती. जुलै २०२१ मध्ये हे तिन्ही एकत्र करून सध्याचा विभाग निर्माण झाला. कार्यालये बदलत राहिली, परंतु स्थानिक शासनाचा अधिकार सुरुवातीपासून जसाच्या तसा आहे : शहर किंवा काउंटी आपल्या हद्दीत व्यापारी लागवडीला पूर्ण बंदी घालू शकते, आणि स्थानिक नियमाच्या विरुद्ध जाणारा परवाना राज्य देऊ शकत नाही. राज्यातील निम्म्याहून अधिक शहरे आणि काउंटी आजही लागवडीस परवानगी देत नाहीत. प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी घराच्या आत सहा रोपे वाढवण्याचा हक्क आहे, तेवढा मात्र कोणतीही काउंटी काढून घेऊ शकत नाही.

ही परवानगी एकदा मिळाली म्हणजे कायमची, असेही समजू नये. कॅलाव्हेरस काउंटीत २०१५ च्या मोठ्या वणव्यानंतर पैशाची निकड असताना पर्यवेक्षक मंडळाने शेतकऱ्यांची नोंदणी सुरू केली आणि त्यांच्याकडून शुल्क व कर वसूल केला. पुढे मंडळातील सदस्य बदलले आणि जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे राज्याचे परवाने सुरू होत असतानाच, त्याच काउंटीने लागवडीवर बंदी घातली. ती बंदी उठवण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला, पण मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून कुंपणे आणि टाक्या उभ्या केल्या होत्या त्यांच्यासाठी त्याचा फारसा उपयोग नव्हता. आपल्या मेंडोसिनोतही २०२१ मध्ये मंडळाने मोठ्या क्षेत्रावर लागवडीस वाव देणारा नियम संमत केला आणि नागरिकांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उभारल्यावर तो मागे घेतला. पुढे क्षेत्र वाढवता येईल असे कोणी सांगत असेल, तर या दोन घटना लक्षात ठेवाव्यात.

त्या शेताचा परवाना वार्षिक आहे की ते पूर्वी तात्पुरत्या परवान्यावर चालत होते, हेही पाहावे. राज्याच्या पर्यावरण गुणवत्ता कायद्याखाली प्रत्येक जागेची तपासणी पूर्ण झाल्याखेरीज वार्षिक परवाना मिळत नाही. ही तपासणी काउंटीने करायची असते, आणि मेंडोसिनोत ती वर्षानुवर्षे रखडल्यामुळे बहुतेक शेते तात्पुरत्या परवान्यांवरच चालली. हा अनुशेष दूर व्हावा म्हणून २०२१ मध्ये राज्याने १७ शहरे व काउंटींना मिळून १० कोटी डॉलरचे अनुदान दिले आणि तात्पुरत्या परवान्यांना मुदत घातली. लागवडीचा तात्पुरता परवाना १ जानेवारी २०२६ नंतर अमलात राहत नाही. म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या कागदावर कोणता शब्द लिहिलेला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे आणि त्या जागेची पर्यावरण तपासणी पूर्ण झाल्याचे पत्र काउंटीच्या कार्यालयाकडून लेखी मागवावे.

आता पाणी. आपल्या पत्रात टाक्यांचा उल्लेख आहे, पण त्या भरतात कशातून हे लिहिलेले नाही, आणि माझ्या मते या शेताची खरी किंमत त्यावरच ठरेल. ओढ्याचे किंवा झऱ्याचे पाणी गांजासाठी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात उचलता येत नाही; म्हणजे नेमक्या वाढीच्या दिवसांत ओढा असून नसल्यासारखा असतो, आणि त्या दिवसांचे सगळे पाणी हिवाळ्यात साठवून ठेवावे लागते. त्या साठवणीसाठी राज्य जलमंडळाकडे पाण्याच्या हक्काची नोंदणी लागते, सांडपाणी आणि मातीची धूप यांसाठी त्याच मंडळाच्या सर्वसाधारण आदेशाखाली नाव नोंदवावे लागते, आणि ओढ्यात पाइप टाकला असेल किंवा रस्त्याखालून मोरी नेली असेल, तर मत्स्य व वन्यजीव खात्याशी करार करावा लागतो. विहीर असली म्हणजे सुटका झाली असे अनेकांना वाटते. परंतु विहिरीतील पाणी जमिनीखालून वाहणाऱ्या प्रवाहाचे आहे असे ठरले, तर तिलाही ओढ्याचाच नियम लागतो. छपरावरचे पावसाचे पाणी किंवा प्रवाहाशी संबंध नसलेले, केवळ पावसाने भरणारे तळे असेल तर त्यासारखे सुख नाही. निफाडच्या माणसाला शेततळ्याचे महत्त्व मी सांगायला नको.

आणखी एक बारीक बाब. परवान्यातील १०,००० चौरस फूट हे क्षेत्र पक्व, म्हणजे फुलोऱ्यातील, रोपांनी व्यापलेल्या जागेचे असते. लहान रोपांची जागा त्यात धरत नाहीत, पण ती नकाशावर वेगळी दाखवावी लागते. उघड्यावरच्या परवान्यात कृत्रिम दिवे चालत नाहीत, आणि फुलोरा लवकर यावा म्हणून रोपांवर काळे आच्छादन ओढून उजेड अडवणेही चालत नाही. तसे केले की ती लागवड मिश्र प्रकाशाच्या प्रकारात जाते, जिचे शुल्क निराळे आहे. शेतावर कमानी उभ्या असतील आणि कोपऱ्यात काळ्या ताडपत्र्या गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या, तर त्या कशासाठी आहेत हे अवश्य विचारावे.

ताळेबंद

ओढ्याकाठी यांनी जागेची बाजू नेमकी मांडली आहे. मी अशा काही शेतांचे हिशेब पाहते, म्हणून पैशाच्या बाजूचे लिहिते.

राज्याचे वार्षिक शुल्क उत्पन्नावर नव्हे, तर क्षेत्र आणि लागवडीच्या पद्धतीवर ठरते. १०,००० चौरस फुटांपर्यंतच्या उघड्यावरच्या लागवडीला ते ४,८२० डॉलर आहे, तेवढ्याच क्षेत्राच्या बंदिस्त लागवडीला ३५,४१० डॉलर, आणि उघड्यावरच एक एकरापर्यंत गेल्यास १३,९९० डॉलर. याशिवाय ५,००० डॉलरचे हमीपत्र लागते. पीक आले नाही किंवा भाव पडला तरी शुल्क तेवढेच राहते, हे छोट्या शेतकऱ्यांचे मोठे दुखणे आहे. पूर्वी त्यावर लागवड करही होता. फुलांच्या दर औंसाला तो २०१८ मध्ये ९.२५ डॉलरने सुरू झाला आणि २०२२ मध्ये १०.०८ डॉलरवर, म्हणजे पाउंडामागे १६१ डॉलरच्या वर गेला. मालाचा भाव काहीही असो, कर वजनावर द्यायचा असल्यामुळे घाऊक भाव कोसळले तेव्हा शेतकरी अक्षरशः करासाठी पीक काढू लागले. १ जुलै २०२२ पासून तो कर रद्द झाला आहे. त्यामुळे विक्रेते जुन्या वर्षांचे ताळेबंद दाखवत असतील, तर त्यांतील खर्चाची तुलना आजच्याशी सरळ होणार नाही. तसेच त्या काळातील कराची थकबाकी राहिली आहे का, हे वेगळे तपासावे.

छोट्या शेतांची ही अवस्था का झाली, हे परवान्यांच्या इतिहासात दिसते. प्रस्ताव ६४ ने मोठ्या शेतांचे परवाने पहिली पाच वर्षे, म्हणजे २०२३ पर्यंत, थांबवून ठेवले होते. हेतू हा की छोट्यांना पाय रोवायला वेळ मिळावा. पण २०१७ च्या अखेरीस निघालेल्या नियमांत एका व्यक्तीने छोटे परवाने किती घ्यावेत याला मर्यादाच ठेवली नाही. परिणामी सांता बार्बरा काउंटीत एकाच जागेवर डझनावारी छोटे परवाने शेजारी शेजारी मांडून अनेक एकरांची शेते उभी राहिली, आणि डोंगरातील नऊ गुंठेवाल्याला पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी स्पर्धा करावी लागली. माझ्या दृष्टीने या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत अन्याय्य गोष्ट हीच आहे. आपण जे शेत घेण्याचा विचार करत आहात ते याच स्पर्धेतील आहे, हे किंमत ठरवताना विसरू नये.

शेतकऱ्याला स्वतःचा माल दुकानाला थेट देता येत नाही. तो परवानाधारक वितरकाकडे जातो, वितरक परवानाधारक प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेतो, आणि मगच तो दुकानात पोहोचतो. त्या तपासणीत ६६ कीटकनाशकांचा शोध घेतला जातो. त्यांपैकी काहींचा नुसता अंश सापडला तरी माल नापास होतो आणि साधारणपणे नष्टच करावा लागतो. द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाने इथे विशेष सावध राहावे, कारण द्राक्षावर रीतसर चालणारी कितीतरी औषधे गांजावर चालत नाहीत, आणि शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेला फवाराही नमुन्यात सापडतो. शिवाय प्रत्येक रोपाचा मागोवा मेट्रक या प्रणालीत ठेवावा लागतो : लहान रोपे शंभरापर्यंतच्या गटाने एका क्रमांकाखाली, आणि पक्व रोप प्रत्येकी स्वतःच्या पट्टीसह. विकत घेण्यापूर्वी या प्रणालीतील मागच्या दोन हंगामांचे वजन आणि वितरकांच्या पावत्या जुळतात का, हे पाहावे. त्यांच्यात मोठी तफावत असेल तर माल कुठेतरी बाहेर गेलेला आहे, आणि अशा व्यवहारापासून दूरच राहिलेले बरे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल : २० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असणारा प्रत्येक जण नियमानुसार मालक ठरतो. त्याला बोटांचे ठसे द्यावे लागतात, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि अर्जात त्याचे नाव येते. २५ टक्क्यांना आपण मालक व्हाल. हिस्सा १९ टक्के केला तरी आर्थिक हितसंबंध असलेली व्यक्ती म्हणून नाव कळवावे लागते. उलट, एक टक्काही हिस्सा नसताना शेताचा कारभार जो चालवतो, तोही मालकच धरला जातो. नुसते पैसे घालून नाव पडद्याआड ठेवण्याची सोय या नियमांत मुळात ठेवलेलीच नाही.

विधिज्ञा

फॉल्समकर, वरील दोन्ही उत्तरे राज्याच्या कायद्यापुरती बरोबर आहेत, पण आपल्या पत्रातील पहिलेच वाक्य वाचून मला बाकीचे प्रश्न दुय्यम वाटले. आपण ग्रीनकार्डधारक आहात आणि नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहात. अशा स्थितीत या व्यवसायात शिरू नका, एवढेच मी स्पष्टपणे सांगेन.

कारण असे की राज्याचा परवाना केंद्राच्या कायद्यापुढे ढाल म्हणून उभा राहत नाही. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याखाली गांजा नियंत्रित पदार्थ आहे, आणि स्थलांतराचे सगळे निर्णय केंद्राच्या कायद्यानेच होतात. १९ एप्रिल २०१९ रोजी नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने आपल्या धोरणात स्पष्ट केले की राज्याच्या कायद्याने मान्य असलेले गांजाविषयक कामसुद्धा केंद्राच्या कायद्याचा भंग ठरत असेल, तर नागरिकत्वासाठी आवश्यक असलेले सच्चारित्र्य सिद्ध होण्याच्या आड ते येऊ शकते. त्यासाठी शिक्षा झालेली असणेही नेहमी आवश्यक नसते. मुलाखतीत दिलेली कबुली पुरेशी ठरू शकते. आपण मालक म्हणून राज्याला ठसे आणि सही दिलेली असेल, तर नाकारण्यासारखे काही उरतच नाही, आणि खोटे सांगणे हा तर त्याहून मोठा अपराध होय.

स्थलांतर कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी लोकांच्या लक्षात येत नाही. एखादी परदेशी व्यक्ती अमली पदार्थांच्या व्यापारात आहे किंवा त्याला साह्य करते, असे मानण्यास अधिकाऱ्याला कारण असेल, तर तिला देशात प्रवेश नाकारता येतो. आणि त्या व्यापारातून मागील पाच वर्षांत जाणूनबुजून आर्थिक लाभ घेणारे तिचे पती, पत्नी व मुलेही त्याच कलमाच्या कक्षेत येतात. आपल्या पत्नी व्हिसावर असतील किंवा त्यांचेही ग्रीनकार्ड प्रलंबित असेल, तर हिस्सा त्यांच्या नावावर घेण्याचा पर्याय सुचवणाऱ्याचे अजिबात ऐकू नये. नागरिक झाल्यावर हा विषय पुन्हा काढता येईल. तोपर्यंत एक डॉलरही गुंतवण्यापूर्वी स्थलांतराचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. गांजाच्या परवान्यांचे काम करणारा वकील आणि स्थलांतराचा वकील हे बहुधा निरनिराळे असतात.

नाशिककर

चर्चा वाचून एक प्रश्न पडला. अशा प्रकारचा परवाना भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, राज्य सरकार देऊ शकते का? आमच्याकडे उसाच्या किंवा तुरीच्या आड लावलेली रोपे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, म्हणून विचारतो.

विधिज्ञा

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ८ गांजाच्या झाडाची लागवड मनाई करते, आणि कलम २० खाली त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याचे कलम १० राज्यांना लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार देते, आणि कलम १४ खाली केवळ धागा, बी किंवा बागायती कारणांसाठी लागवडीस वाट ठेवलेली आहे. त्या वाटेने उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली, पण तिथे नशेच्या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असावे लागते. म्हणजे कॅलिफोर्नियातील पिकाशी त्याची बरोबरी नाही. शेतमालकाने एक मात्र लक्षात ठेवावे : आपल्या जमिनीत कोणी बेकायदा लागवड केल्याचे कळल्यास ताबडतोब पोलिसांना खबर देणे कलम ४६ ने त्याच्यावर बंधनकारक केले आहे, आणि पुढच्याच कलमात हे कर्तव्य सरपंच आणि गावातील इतर अधिकाऱ्यांवरही टाकले आहे. वाट्याने जमीन दिलेल्यांनी बांधावर अधूनमधून चक्कर मारलेली बरी.

फॉल्समकर

सर्वांचे मनापासून आभार. विधिज्ञा यांचे उत्तर वाचल्यावर भागीदारीचा विचार मी नागरिकत्व मिळेपर्यंत बाजूला ठेवला आहे. मात्र त्या गृहस्थांसाठी एक प्रश्न उरतो. त्यांना यंदाचा हंगाम करणे झेपत नाही, आणि परवान्याचे नूतनीकरण केले नाही तर काउंटीची परवानगीही हातची जाईल, अशी त्यांना भीती आहे. पीक न घेता परवाना जिवंत ठेवण्याचा काही मार्ग आहे का?

ओढ्याकाठी

आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या सेनेट विधेयक ८३३ नुसार लागवडीच्या परवानाधारकाला नूतनीकरणाच्या वेळी लहान क्षेत्राचा परवाना मागता येतो किंवा परवाना निष्क्रिय ठेवता येतो. निष्क्रिय काळात पक्व रोपे वाढवता येत नाहीत, पण नव्याने सगळी तपासणी करण्याची वेळही येत नाही. ही सोय राज्याच्या परवान्यापुरती आहे, म्हणून काउंटीचे शुल्क आणि कर पीक नसतानाही लागू राहतात का, हे त्यांनी काउंटीच्या कॅनाबिस कार्यालयाला आणि करसंग्राहकाला स्वतंत्रपणे लेखी विचारावे. जलमंडळाकडील नोंदणी आणि तिचा वार्षिक अहवालही त्या वर्षात चुकवू नये, कारण पाण्याचा हक्क एकदा सुटला, तर पुढच्या खरेदीदाराला त्या शेतात काही राम वाटणार नाही.